अमर पात्राच्या मनाचे नेमके काय होत असेल?

दफ्तरी (इंदूर) : प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार.

मी सध्या एक दीर्घकथा लिहीत आहे. तिचा नायक महेश्वरास अहिल्याबाईंच्या दफ्तरात मोडी लिहिणारा कारकून आहे आणि त्याला मरण येत नाही. का येत नाही, हे कथेत मी मुद्दामच सांगितलेले नाही. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली तेव्हा तोही दफ्तराच्या रुमालांबरोबर इकडे येतो. पुढे १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले तरी तो जुन्या इंदुरातल्या एका वाड्याच्या मागच्या खोलीत राहतोच आहे. दिसायला चाळिशीचा, प्रकृतीने ठणठणीत. म्हणजे म्हातारपणाचा प्रश्न मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला आहे, कारण देहाच्या हालांत मनाचा विषय बुडून जातो. स्विफ्टने १७२६ मध्ये गलिव्हरच्या प्रवासात जे न मरणारे लोक दाखवले, ते ऐंशीव्या वर्षी कायद्याने मृत ठरतात, नव्वदीत त्यांचे दात, केस आणि जिभेची चव जाते, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरल्यामुळे त्यांना वाचताही येत नाही. ते विलक्षण आहे, पण ती वार्धक्याची कथा झाली.

माझी अडचण अशी की ज्यांना मसुदा वाचायला दिला त्यांचा आक्षेप एकच निघाला: हा माणूस सतत कंटाळलेला आणि उदास आहे, आणि असे अमर नायक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आक्षेप रास्त आहे. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२२ च्या नाटकातली ३३७ वर्षांची गायिका अशीच आहे. गाणे आणि गप्प राहणे तिला सारखेच वाटू लागते. तिच्यावरून बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७३ मध्ये असे प्रतिपादन केले की माणसाचा स्वभाव कायम राहिला तर अनंत आयुष्य कंटाळवाणे झाल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे ययाती अमर नव्हे, पण पुरूचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग भोगल्यावर भोगाने वासना शमत नाही, या निष्कर्षाला तोही येतोच.

तेव्हा माझे विचारणे असे. कंटाळा हाच अमरत्वाचा अटळ परिणाम आहे का? दोनअडीचशे वर्षे जगलेल्या माणसाला आपली पहिली वीस वर्षे आठवतील का, आणि आठवली तर ती त्याला स्वतःची वाटतील का? आणि सभोवतालची माणसे एकामागून एक जात राहिली तर तो नव्या माणसांशी कसा वागेल? जाणकारांनी कथांचे दाखले द्यावेत किंवा मानसशास्त्राचे, दोन्ही मला हवे आहेत.

निवृत्त संस्कृत शिक्षिका (रामबाग)

दफ्तरी, तुमचा कारकून मला आवडला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या भागातला अमर पुरुष म्हणजे अश्वत्थामा. बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरील शिवमंदिरात पहाटे सर्वांच्या आधी कोणीतरी फूल वाहून गेलेले असते आणि तो अश्वत्थामाच, ही समजूत निमाडात घरोघरी ठाऊक आहे. नर्मदा परिक्रमा करून आलेली मंडळीही शूलपाणीच्या झाडीतल्या, कपाळाच्या जखमेसाठी तेल मागणाऱ्या धिप्पाड पुरुषाच्या गोष्टी सांगतात. लोकांच्या कथेत तो कल्पान्तापर्यंत भटकणारा आहे. सौप्तिकपर्वातला श्रीकृष्णाचा शाप मात्र मुदतीचा आहे, तीन हजार वर्षांचा. त्या शापात वर्षांच्या आकड्यापेक्षा मला पुढची अट अधिक भयंकर वाटते: त्याला सोबती मिळणार नाही, माणसांत त्याला थारा असणार नाही आणि कोठेही, कोणाशीही त्याचा संवाद घडणार नाही. व्यासांनी शिक्षा म्हणून कंटाळा योजलेला नाही, बोलणे काढून घेतले आहे. आता लोककथेकडे पाहा. तिथे अश्वत्थामा तेल मागतो, म्हणजे एक वाक्य तरी बोलतो आणि कोणीतरी त्याला उत्तर देते. ज्या बायाबापड्यांनी या गोष्टी पिढ्यानपिढ्या सांगितल्या त्यांना हा शाप पूर्णपणे अमलात आणवला नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

दुसरा दाखला वनपर्वातला आहे आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला तो जास्त जवळचा आहे. इंद्रद्युम्न राजा पृथ्वीवर त्याची कीर्ती उरली नाही म्हणून स्वर्गातून खाली येतो आणि चिरंजीव मार्कंडेयाला विचारतो, "मला ओळखता का?" मार्कंडेय ओळखत नाही. तो त्याला आपल्याहून वृद्ध घुबडाकडे नेतो, घुबड त्याहून वृद्ध बगळ्याकडे, आणि बगळा अकूपार नावाच्या कासवाकडे. कासव बराच वेळ विचार करते, त्याचे डोळे भरून येतात, अंग थरथरू लागते आणि हात जोडून ते म्हणते की याला मी कसा ओळखणार नाही; ज्या सरोवरात मी राहतो ते याने दान दिलेल्या गाईंच्या खुरांनी झालेले आहे. आपण ही कथा कीर्तीचे महत्त्व सांगण्यासाठी वापरतो. मला मात्र तीत दीर्घायुषी प्राण्यांची एक उतरंड दिसते, ज्यात प्रत्येकाला आपल्याहून थोरल्या कोणाचा तरी पत्ता ठाऊक आहे. तुमच्या कारकुनाला असे कोणी आहे का? नसेल, तर तो उदास आहे असे सांगण्याची गरजच पडणार नाही.

कंटाळा अटळ आहे का, याला योगवासिष्ठाचे उत्तर "नाही" असे आहे. तिथला भुशुंड कावळा मेरूवरच्या कल्पवृक्षावर युगानुयुगे राहतो. त्याचे भाऊ देह टाकून गेले आहेत, सृष्टी उत्पन्न होऊन लय पावताना त्याने पाहिली आहे, आणि तरीही तो प्रसन्न आहे. वसिष्ठांनी कारण विचारल्यावर तो प्राणापानांवरच्या, म्हणजे श्वासोच्छ्वासावरच्या, लक्षाविषयी सांगतो आणि म्हणतो की आज हे मिळाले, उद्या ते मिळवीन, अशी चिंता मला नसते, म्हणून मी निरामय जगतो. कथाकाराला मात्र भुशुंड फारसा उपयोगी नाही, हे कबूल करायला हवे. ज्याला काहीच चिकटत नाही त्याची दीर्घकथा चौथ्या पानावर संपेल.

समुपदेशक (सुदामानगर)

बाईंचा भुशुंड मला मानसशास्त्राच्या बाजूनेही महत्त्वाचा वाटतो, आणि त्यामुळेच विल्यम्स यांच्या युक्तिवादाशी मी पूर्ण सहमत नाही. कंटाळा येण्यासाठी "हे मी पूर्वी अनुभवले आहे" अशी ठसठशीत आठवण लागते. माणसाची स्मृती तशी नसते. ती साठवणीपेक्षा पुन्हा पुन्हा केलेल्या मांडणीसारखी असते आणि प्रत्येक मांडणीत थोडी बदलते. दीडशे वर्षांपूर्वी खाल्लेल्या आंब्याची चव आठवते म्हणून यंदाचा आंबा नकोसा होईल, असे मला वाटत नाही. आपण तर मागच्या उन्हाळ्याची आठवण असूनही तो खातोच. तेव्हा आपल्या नायकापुढे खरी निवड वेगळीच आहे. एक तर त्याला सगळे आठवते, आणि मग कंटाळ्याच्या कितीतरी आधी शोकच त्याला झाकून टाकेल. किंवा त्याला आपल्यासारखेच विसरायला होते, आणि मग तो एकच माणूस उरतो का, हा प्रश्न येतो.

मी दुसऱ्या पर्यायाचा पुरस्कार करीन. चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, हे अनेक अभ्यासांत दिसून आलेले आहे. कारण बहुधा असे की पहिली नोकरी, लग्न, घर सोडणे यांसारख्या ओळख घडवणाऱ्या घटना त्या काळात घडतात आणि नंतर त्या वारंवार सांगितल्या जातात. हे तुमच्या कारकुनाला लावून पाहा. महेश्वरची पहिली वीस-तीस वर्षे त्याला आठवतील, पण ती घटना म्हणून नव्हे, त्याने स्वतःला सांगितलेल्या गोष्टी म्हणून. मधली शंभर वर्षे, म्हणजे जेव्हा काहीच पहिल्यांदा घडत नव्हते, ती मात्र जवळजवळ कोरी असतील. १८७० ते १९१० या काळात तुम्ही कोठे राहत होता असे कोणी विचारले तर त्याला दोन घरे आठवावीत आणि त्यांचा क्रम सांगता येऊ नये. ही पोकळी उदासीपेक्षा जास्त अस्वस्थ करणारी आहे.

शोकाविषयी एक गोष्ट माझ्या कामातून सांगतो. ज्यांचा जोडीदार जाऊन पुष्कळ वर्षे झाली आहेत असे वृद्ध लोक माझ्याकडे येतात, तेव्हा ते दुःखाविषयी जितके बोलतात तितकेच, किंबहुना अधिक, चेहरा नीट आठवत नसल्याच्या अपराधी भावनेविषयी बोलतात. त्यांच्याजवळ निदान छायाचित्र असते. तुमच्या कारकुनाची पहिली पत्नी छायाचित्रण निघण्यापूर्वी वारलेली आहे. दोनशे वर्षांनंतर तो तिच्यासाठी रडत असेल असे मला वाटत नाही. आपल्याला रडू येत नाही, याची त्याला लाज वाटत असेल. हे तुम्हाला एका प्रसंगात दाखवता येईल.

राहिला नव्या माणसांशी वागण्याचा प्रश्न. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचा सिद्धान्त असा आहे की पुढे उरलेला काळ थोडा आहे असे जाणवू लागले की माणूस ओळखी वाढवणे कमी करतो आणि मोजक्या, जिवाभावाच्या माणसांकडे वळतो. हा बदल वयाने होत नाही, उरलेल्या काळाच्या जाणिवेने होतो. गंभीर आजारी तरुणांतही तो आढळतो. अमर माणसाला ही जाणीव कधीच होणार नाही. याचा अर्थ तो कायम पंचविशीतल्या माणसासारखा वागेल: पुष्कळ ओळखी, सगळीकडे कुतूहल, आणि कोणाहीपाशी थांबायची निकड नाही. लेखक मंडळी अमर पात्राला हटकून म्हाताऱ्याचे शहाणपण देतात. मला तर तो उलट कधी पोक्त न होणारा माणूस वाटतो, आणि हे वाचकाला आधी गंमतीचे व नंतर भयंकर वाटले पाहिजे.

नवा वाचक (विजयनगर)

समुपदेशक काकांनी जे शेवटी लिहिले तेच एका जपानी चित्रकथेत अगदी साध्या प्रसंगात आले आहे. फ्रीरेन ही हजार वर्षांहून अधिक जगलेली यक्षिणीसारखी स्त्री चार जणांच्या चमूत दहा वर्षे प्रवास करते आणि तिच्या लेखी तो काळ किरकोळ असतो. पन्नास वर्षांनी ती परत येते तेव्हा चमूचा नायक म्हातारा झालेला असतो, आणि त्याच्या अंत्यविधीत तिला एकदम रडू कोसळते की मी या माणसाला ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. २०२० पासून ही कथा प्रसिद्ध होत आहे आणि माझ्या वयाच्या मुलांनी तिच्यावर खूप चर्चा केली आहे.

एक व्यावहारिक शंका. कारकुनाला होळकर सरकारचे निवृत्तिवेतन मिळत असेल, तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना बँकेत काय होत असेल? आधार कार्डावर जन्मसाल काय लिहिले असेल? विनोद म्हणून विचारत नाही. दर चाळीस वर्षांनी नवी कागदपत्रे, नवे नाव आणि नवे आडनाव घ्यावे लागणाऱ्या माणसाच्या मनावर त्या नावबदलाचाच परिणाम सर्वांत जास्त होईल, असे मला वाटते. त्यात हा कारकून, म्हणजे कागद खोटे करण्याची विद्या त्याला अवगत आणि लाजही त्यालाच सर्वांत जास्त.

एकांतवाचक (तिलकनगर)

चर्चा चांगली चालली आहे, परंतु सर्वजण कारकुनाच्या दुःखाविषयीच बोलत आहेत. त्याच्या चांगुलपणाचे काय होईल?

बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाच्या १९४७ मधल्या कथेत अमर लोकांचा एक समाज आहे. अनंत काळात प्रत्येकाच्या हातून सगळी पुण्ये आणि सगळी पापे घडणारच, म्हणून त्यांना कशाचेच अप्रूप उरलेले नाही. त्यांच्यातला एक जण खोल खाणीत पडतो. त्याला मरण नाही, पण तहानेने तो होरपळतो, आणि वरून दोर टाकला जाईपर्यंत सत्तर वर्षे जातात. त्यात क्रौर्य नाही. कोणालाच घाई नसते, इतकेच. मला अमरत्वाचे याहून खरे मानसचित्र ठाऊक नाही. आपण दुसऱ्याच्या मदतीला धावतो ते पुष्कळदा उशीर होईल या धास्तीने. ही धास्तीच ज्याला नाही, तो शेजारच्या घरातले आजारपण कळूनही "पाहू सवडीने" म्हणेल, आणि त्याची सवड शेजाऱ्याच्या आयुष्याहून मोठी असेल. दफ्तरी, तुमचा नायक मसुद्यात फार भला आहे असा माझा अंदाज आहे. त्याच्या हातून अशी एक दिरंगाई घडू द्या.

दफ्तरी (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकांतवाचकांचा अंदाज बरोबर आहे, नायक फार भला आहे. दिरंगाईचा प्रसंग मी राजवाड्याच्या आगीशी जोडण्याचा विचार करीत आहे. राजवाडा १८०१ मध्ये जळाला आणि १९८४ मध्ये पुन्हा जळाला. पहिली आग ज्याने पाहिली आहे तो दुसऱ्या वेळी, हे पुन्हा बांधतील, अशा निर्धास्तपणे उभा राहील, आणि त्याच वेळी कोणीतरी त्याच्याकडे मदत मागत असेल.

आणखी एक अडचण आहे. कारकुनाचे संवाद लिहिताना मी प्रत्येक वेळी अडखळतो, कारण तो समोरच्याला काय म्हणून हाक मारेल हेच ठरत नाही. वाड्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना ते लहान असल्यापासून तो ओळखतो, पण दिसतो त्यांच्या मुलाच्या वयाचा. लोकांदेखत "काका" म्हणावे लागते, मनात मात्र तो पोर असतो. आपल्या भाषेत नाते लावल्याशिवाय दोन वाक्ये बोलता येत नाहीत, आणि हा माणूस कोणत्याच नात्यात बसत नाही.

निवृत्त संस्कृत शिक्षिका (रामबाग)

दफ्तरी, ही तुमची अडचण नाही, हाच तुमचा विषय आहे, आणि तो मराठीत सातशे वर्षांपूर्वीच हाताळला गेला आहे.

चांगदेवांची आख्यायिका आठवा. योगबळाने काळाला चुकवत चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतात आणि मायन्यापाशीच अडतात. वयाने पाहावे तर समोरचा पोर, म्हणून आशीर्वाद लिहावा. ज्ञानाने पाहावे तर थोर, म्हणून नमस्कार लिहावा. काहीच ठरेना, तेव्हा ते कोरा कागदच पाठवतात. तो पाहून मुक्ताबाई म्हणतात की चौदाशे वर्षे जगून हा कोरा तो कोराच राहिला. आपण हसतो ते मुक्ताईच्या फटकाऱ्याला, आणि तो खराच आहे. पण चांगदेवांच्या बाजूने क्षणभर पाहा. चौदाशे वर्षांत त्यांना बरोबरीचे म्हणून कोणी उरलेच नव्हते. शिष्य पुष्कळ होते. थोरल्याशी आणि धाकट्याशी कसे बोलावे ही सवय समवयस्कांत वाढताना लागते, आणि समवयस्कच नाहीसे झाले की ती मोडते. समुपदेशक म्हणतात तो न पोक्त झालेला माणूस हाच असावा. कथेत पुढे काय होते तेही तुमच्या उपयोगाचे आहे. ज्ञानदेव त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर देतात आणि नंतर चांगदेव मुक्ताबाईंना गुरू करतात. चौदाशे वर्षांच्या योग्याला गुरू मिळते ती एक लहान मुलगी. म्हणजे नाते लागले ते वयाचा हिशेब सोडून दिल्यावर.

वाड्यातल्या आजोबांचा प्रसंग असा लिहून पाहा. ते आजारी आहेत, घरची माणसे औषध आणायला गेली आहेत, खोलीत दोघेच आहेत. कारकून सवयीने "काका" म्हणतो. आजोबांच्या लहानपणी तो त्यांना ज्या नावाने हाक मारीत असे, ते नाव आजोबाच उच्चारतात आणि म्हणतात, "आता कोणी नाही, नीट हाक मार." त्यांनी त्याला केव्हा ओळखले, सत्तर वर्षे ते गप्प का राहिले, हे विचारायला कारकुनाजवळ त्या वेळी खरोखरच थोडा वेळ आहे. एकांतवाचकांची दिरंगाईही इथेच घालता येईल, आगीची गरज पडणार नाही.

समुपदेशक (सुदामानगर)

बाईंच्या प्रसंगात एकच भर घालतो. कारकुनाने ते विचारू नये. तो विचारणारच असतो, पण "उद्या सकाळी विचारू" असे त्याला अगदी सहज, कसलाही ताण न येता वाटावे, आणि पुढचे प्रकरण थेट तेराव्यापासून सुरू व्हावे.

दफ्तरी (इंदूर)

हे दोन्ही घेतो. आगीचे प्रकरण काढून टाकत आहे. आजोबांचे लहानपणचे नाव मात्र अजून सुचलेले नाही. माळव्यातल्या मराठी घरांत १९४० च्या सुमारास मुलांना लाडाने काय म्हणत असत, हे कोणाच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कळवता आले तर बरे होईल.